पाच माणसांपुरतं

मी घरं मागच्या बाजूनं ओळखतो.
पुढचं दार, पितळी कडी, कुंडीतली फुलं
पाहुण्यांसाठी.
माझ्या वाट्याला शेवटचा पाइप,
ओढ्याच्या अलीकडचं लोखंडी झाकण
आणि काचेची एक बाटली,
जी भरून मी उन्हाकडे धरतो,
वेल्सच्या या डोंगरात ऊन असेल त्या दिवशी.

टथिन हेस्गला पहिल्यांदा गेलो
तेव्हा टाकी फुटलेली,
दगडांवर ओल्या लोकरीसारखी बुरशी,
आणि खालच्या कुरणात मेंढ्या
पाण्याला तोंड न लावता उभ्या.
इद्वाल म्हणाला, सिमेंटवर माझा विश्वास नाही.
पैसे नाहीत म्हण की सरळ, हेल्वेन म्हणाली.
मग मी बिलाच्या पाठीवर चौकोन काढला:
बारा पावलं लांब, पाच रुंद,
तळाला जाड प्लॅस्टिक, वर खडी,
खडीत बोरू.
माणसं किती?
पाच, ती म्हणाली,
आणि माडीवरून तिघांचं भांडण ऐकू आलं,
पुराव्यादाखल.

एप्रिलात गड्डे लावले. गुडघ्यांपर्यंत चिखल.
एलेरीनं कडेला पिवळे आयरिस खोचले,
कुणाला न विचारता.
दोन उन्हाळ्यांत बोरू माझ्या डोक्यावर गेले.

लोकांना वाटतं, बोरू पाणी गाळतात.
तसं नाही. खाली काळोखात
डोळ्यांना न दिसणारी एक वस्ती असते,
खाणारी ती.
बोरू फक्त पोकळ देठातून
तिला हवा पोचवत राहतात,
आणि वाऱ्यात असे डोलतात
की सगळं श्रेय त्यांचंच.

माझ्या वहीत आकडे आहेत.
आकड्यांत मॅक्सेनच्या फुटबॉलचा चिखल,
ग्विलिमच्या पहिल्या दाढीचा फेस,
एलेरीच्या केसांचा निळा रंग, जो
आठवडाभर खडीवर रेंगाळला.
मग एकेका सप्टेंबरात
एकेक आकडा बारीक होत गेला.
इद्वालच्या औषधांच्या वर्षी
त्याचाच फोन आला रात्री:
मी तुझे बोरू मारतोय का रे?
तुझेच आहेत ते, मी म्हणालो.
मग दोघंही बराच वेळ
फोन धरून बसलो.

या वसंतात बाटली भरली, उन्हाकडे धरली.
इतकं स्वच्छ पाणी
या घरातून कधी आलं नव्हतं,
आणि ते मला आवडलं नाही.
वाफ्याचा पलीकडचा तिसरा हिस्सा
कोरडा, पिवळा,
बोट लावताच मोडणारा.
एक कप, एक ताटली,
आठवड्याला एकदा मशीन, तेही अर्धं.

हे पाच माणसांपुरतं होतं, मी म्हणालो.
मध्ये फळी घालून तेवढा भाग बंद करता येईल.
आणि तिकडचे?
वाळतील.

ती काही न बोलता आत गेली.
मी बाटलीवर तारीख लिहीत होतो,
तर माडीवर नळ सुटल्याचा आवाज,
एक, मग दुसरा,
आणि माझ्या पायांखाली पाइप
जुन्या ओळखीसारखा गुरगुरला.
बाह्या वर सारून ती दारात आली.
बटाटे उकडलेलं पाणी चालतं का त्यांना?
चालतं.
जूनमध्ये लोकर कातरणारे येतात, सहा जण.
दरवर्षी ओढ्यावर धुतात अंग.
यंदा इथेच आंघोळी करा म्हणते.
मेंढ्यांच्या चरबीचं काय?
आवडेल त्यांना, मी म्हणालो,
आणि माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं.

वरून शिरलेलं पाणी
पलीकडे पोचायला पाच दिवस घेतं.
शनिवारी मी पुन्हा येणार आहे.
माझ्या यादीत तशी भेट नाही.
बाटली तेवढी घेईन,
नाहीतर ती विचारेल, कशाला आलास.